हाताखालचा माणूस घडविणे : विनयपिटकातील उपज्झाय-धर्म

आमच्या सायंकालीन पालि वर्गास येणाऱ्या एका उपासकांनी मध्यंतरी आम्हांस एक प्रश्न विचारला. ते एका बँकेत शाखा-व्यवस्थापक आहेत. वर्गात त्या दिवशी दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त चालले होते. ते म्हणाले, "सर, मालकाने कामगाराला काय द्यावे ते या सुत्तात आले, पण हाताखालच्या माणसाला शिकवून तयार कसे करावे, हे तथागतांनी कोठे सांगितले आहे काय? माझ्या शाखेत बारा माणसे आहेत. त्यांतील चौघांना काम येत नाही, आणि त्यांना ते कोणी कधी शिकविलेलेही नाही."

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले ते अपुरे होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्याच प्रश्नाचे सावकाशीने दिलेले उत्तर होय. हा प्रश्न केवळ एका उपासकाचा नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने दुसऱ्याच्या हुकमाखाली राबण्यात आयुष्य घालविले. आज त्यांचीच नातवंडे मुख्याध्यापक, अभियंते, विभागप्रमुख व अधिकारी म्हणून खुर्चीवर बसलेली आहेत. खुर्ची कशी मिळवावी याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. ती मिळाल्यावर समोर उभ्या असलेल्या माणसाशी कसे वागावे याविषयी मात्र फार थोडे बोलले जाते.

सिगालोवाद सुत्तातील भाग वाचकांस परिचित आहे. तथागत दास व कामगार यांना खालची दिशा म्हणतात आणि या दिशेची सेवा मालकाने पाच प्रकारे करावी असे सांगतात : बळ पाहून काम नेमून द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, जे काही विशेष गोडधोड मिळेल त्यात वाटा द्यावा आणि वेळच्या वेळी मोकळे करावे. अट्ठकथेत आचार्य बुद्धघोषांनी या पाचांचे केलेले स्पष्टीकरण आजच्या कचेरीतही जसेच्या तसे लागू पडते. तरुणाचे काम म्हाताऱ्यावर आणि म्हाताऱ्याचे तरुणावर लादू नये. वेतन देताना हा एकटा आहे की संसारी आहे हे पाहावे. सुट्टी दोन प्रकारची, एक रोजची, कारण दिवसभर राबलेला माणूस थकतो, आणि दुसरी सणासुदीची. या सुत्तात दास हा शब्द आहे, आणि तो त्या काळच्या समाजातून आलेला आहे हे आपण लपवू नये. माणसांची खरेदी-विक्री हा व्यापार उपासकाने करू नये, असे त्याच तथागतांनी अंगुत्तरनिकायात सांगितले आहे, हेही ध्यानी ठेवावे. परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या पाचव्या खंडात गृहस्थांसाठी जो विनय दिला, त्यात मालक व नोकर यांचा विनय आवर्जून घातला आहे. हा विषय त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे १९४६ चे दुरुस्ती विधेयक त्यांनीच मांडले होते. वेळच्या वेळी मोकळे करणे, या पाचव्या कर्तव्याचेच ते कायद्यातील रूप होते असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु आमच्या उपासकांचा आक्षेप खरा आहे. या पाच कर्तव्यांत कामगाराला सांभाळणे आहे, वाढविणे नाही. ते शोधावयाचे तर सुत्तपिटकाबरोबर विनयपिटकाकडे वळावे लागते.

उपज्झाय कसे निर्माण झाले

महावग्गाच्या पहिल्या खंधकात एक प्रसंग आहे. राजगृहात मोठ्या संख्येने तरुण संघात आले होते. उपसंपदा झाली, चीवर व पात्र मिळाले. पण पुढे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. ते चीवर कसेबसे गुंडाळून गावात जात. लोक जेवत असता त्यांच्या अन्नावर पात्र पुढे करीत. वरण-भात स्वतः मागून घेत. भोजनगृहात गोंगाट करीत. लोक कुरकुरू लागले. ब्राह्मणभोजनात ब्राह्मण असाच गलका करतात, असेही लोक म्हणाल्याचे विनयकारांनी नोंदविले आहे. ही तक्रार भगवंतांपर्यंत पोहोचली.

या ठिकाणी कोणत्याही कार्यालयात काय घडले असते ते वाचकांनी मनाशी आणावे. नव्या लोकांना कारणे दाखवा नोटीस निघाली असती. भरतीच चुकीची झाली, असे कोणी म्हणाले असते. भगवंतांनीही त्या वर्तनाची निंदा केली. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. या भिक्षूंना उपज्झाय नाहीत, त्यांना कोणी सांगत नाही, समजावीत नाही, म्हणून असे होते, हे मूळ त्यांनी ओळखले आणि उपज्झायाची प्रथा सुरू केली. उपज्झायाने शिष्याविषयी, म्हणजे सद्धिविहारिकाविषयी, पुत्राची भावना ठेवावी आणि सद्धिविहारिकाने उपज्झायाविषयी पित्याची, असे ठरले. नवख्याच्या हातून चूक झाली तर पहिला प्रश्न 'याला कोणी शिकविले होते काय?' हा असला पाहिजे, ही दृष्टी या संपूर्ण प्रकरणाच्या मुळाशी आहे.

यापुढे सद्धिविहारिकाच्या कर्तव्यांची लांबलचक यादी येते. पहाटे उठून दातवण द्यावे, तोंड धुण्यास पाणी द्यावे, आसन मांडावे, पेज आणून द्यावी, पात्र घासावे, विहार झाडावा. वरवर वाचणाऱ्यास ही चाकरीच वाटते, आणि आमच्या वर्गातही दरवर्षी कोणीतरी तसे म्हणतेच. परंतु पुढचे प्रकरण वाचले की चित्र पालटते. तेथे उपज्झायाची कर्तव्ये आहेत, आणि ती जवळजवळ याच शब्दांत, उलट दिशेने सांगितलेली आहेत. शिष्य आजारी पडला तर उपज्झायाने पहाटे उठून त्याला दातवण द्यावे, पाणी द्यावे, आसन मांडावे, पेज द्यावी, त्याची खोली झाडावी. आपल्यापाशी पात्र आहे आणि शिष्यापाशी नाही, तर ते द्यावे, चीवराचेही तसेच.

एक बारीक फरक मात्र विनयकारांनी राखला आहे आणि तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. उपज्झायाचे चीवर धुवावयाचे असेल तर शिष्याने ते धुवावे. शिष्याचे चीवर धुवावयाचे असेल तर उपज्झायाने 'असे धू' म्हणून त्याला सांगावे, किंवा ते धुतले जाईल याची खटपट करावी. चीवर शिवणे, रंग उकळणे, कापड रंगविणे, सर्वत्र हाच क्रम आहे. ज्याला काम येते त्याने ते न येणाऱ्याला दाखवावयाचे. वरिष्ठाचे वरिष्ठपण नेमके कशात आहे, ते या एका वाक्यरचनेवरून कळते.

शिष्याच्या बाजूलाही काही अधिकार आहेत, आणि ते आज वाचताना आश्चर्य वाटते. उपज्झायाचे मन धर्मात रमेनासे झाले तर शिष्याने ते सावरावे. त्याला चुकीची दृष्टी उत्पन्न झाली तर शिष्याने ती दूर करावी. उपज्झाय बोलत असता मध्ये तोडू नये. परंतु तो बोलता बोलता दोषाच्या जवळ जाऊ लागला तर त्याला अडवावे. एवढेच नव्हे, उपज्झायाच्या हातून मोठा अपराध घडला तर संघाकडून त्याला योग्य ती शुद्धी मिळावी यासाठी शिष्याने प्रयत्न करावा. असे असता विनयातील ही चाकरी म्हणजे हुजरेगिरी, असे कसे म्हणता येईल?

शिकविण्याचे चार प्रकार

उपज्झायाने शिष्याला चार मार्गांनी हात द्यावा असे विनय सांगतो : उद्देस, परिपुच्छा, ओवाद आणि अनुसासनी. पालि ग्रंथांत पर्यायी शब्दांची रास असते, त्यामुळे हे चारही एकाच अर्थाचे, असे समजून वाचक पुढे जातो. समंतपासादिका या विनय-अट्ठकथेने मात्र प्रत्येकाचा वेगळा अर्थ दिला आहे. उद्देस म्हणजे मूळ पाठ सांगणे. परिपुच्छा म्हणजे त्या पाठाचा अर्थ उलगडून सांगणे. ओवाद म्हणजे प्रसंग येण्यापूर्वीच 'हे कर, हे करू नकोस' असे सांगून ठेवणे. अनुसासनी म्हणजे प्रसंग आल्यावर सांगणे. अट्ठकथेत दुसराही एक अर्थ दिला आहे : पहिल्यांदा सांगणे तो ओवाद, पुन्हा पुन्हा सांगणे ती अनुसासनी.

बँकेच्या त्या शाखेत हे चारही प्रकार लावून पाहू. नव्या लिपिकाच्या हाती नियमांचे परिपत्रक देणे हा उद्देस झाला. बहुतेक अधिकारी येथेच थांबतात, आणि कित्येक तर येथपर्यंतही येत नाहीत. हा नियम का केला आहे, तो मोडल्यास कोणाचे नुकसान होते, हे सांगणे ही परिपुच्छा. मार्च महिन्याच्या अखेरीस गर्दी होईल तेव्हा कोणत्या ठिकाणी चूक होण्याचा संभव आहे, हे फेब्रुवारीतच सांगून ठेवणे हा ओवाद. आणि चूक घडल्यावर जवळ बसवून, ती कोठे झाली हे दाखविणे, पुन्हा झाली तर पुन्हा दाखविणे, ही अनुसासनी. आमच्या अनुभवात कचेऱ्यांमधून ओवादाचा सर्वस्वी अभाव असतो. प्रसंगाआधी कोणी बोलत नाही, आणि प्रसंगानंतर सर्वच बोलतात.

यास जोडून एका शब्दाचा उल्लेख करतो : आचरियमुट्ठि, म्हणजे गुरूची मिटलेली मूठ. महापरिनिब्बान सुत्तात भगवंत आनंदांना सांगतात की, तथागतांच्या धर्मात अशी मूठ नाही. आतले-बाहेरचे असा भेद न करता सर्व काही शिकविले आहे. ज्या देशात विद्या मुठीत ठेवणे हाच धर्म मानला गेला, त्या देशात या वाक्याचे मोल किती, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. पण मुठी अजूनही आहेत. फाईल कोठून कोठे जाते, कोणता शेरा कसा लिहावा, हे ठाऊक असलेला जुना कर्मचारी ते नव्याला सांगत नाही, कारण त्याचे महत्त्व त्यातच असते. आणि हे मान्य केले पाहिजे की, अशी मूठ आपल्यातील काहींनीही वळलेली आहे.

मूठ मिटली की काय होते

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले, एवढे सर्वांना आठवते. त्याच भाषणातील तपशील मात्र मागे पडला. रेल्वेत अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि आयुष्यभर गँगमनच राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याला पोर्टरदेखील करीत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत आणि स्टेशनमास्तर सवर्ण असे. कापड गिरण्यांतही तसेच होते. विणकामाच्या खात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्याला तेथे मज्जाव होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी, हे खाते अस्पृश्य कामगारांस खुले करावे ही मागणी संप समितीने आपल्या मागण्यांत घ्यावी, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला होता.

या गोष्टीकडे आम्ही आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहतो. गँगमनला वरचे काम येत नव्हते हे खरे. पण ते त्याला येऊ दिले नव्हते. विणकाम हाताने करून पाहिल्यावाचून येत नाही, आणि तो हात तेथपर्यंत पोहोचू दिला नाही. मग पुढे 'यांच्यात कौशल्य नाही' हे म्हणणे सोपे झाले. आजही राखीव जागेवर आलेल्या तरुणाला कामाच्या टेबलापासून दूर, नोंदवहीच्या कोपऱ्यात बसविले जाते आणि चार-पाच वर्षांनी त्याच्या नावापुढे 'कार्यक्षमता सामान्य' असा शेरा पडतो. विनयाच्या भाषेत हा दोष कोणाचा? उपज्झायाने शिष्याप्रती नीट वागलेच पाहिजे, न वागल्यास दुक्कट आपत्ती, असे विनय म्हणतो. म्हणजे न शिकविल्याचा दोष शिकविणाऱ्याच्या खात्यावर चढतो.

याच अर्थाने अंगुत्तरनिकायातील केसि सुत्त वाचावे. केसि हा घोड्यांना शिकविणारा. भगवंतांनी त्याला विचारले, तू घोड्याला कसा शिकवितोस? तो म्हणाला, कोणाला मृदूपणाने, कोणाला कठोरपणाने, कोणाला दोन्ही प्रकारांनी; आणि यांपैकी कशानेही जो वळत नाही त्याला मारून टाकतो. त्याने उलट विचारले, आपण काय करता? भगवंत म्हणाले, मीही तसेच करतो. केसि चकित झाला, कारण तथागत तर प्राणिहिंसा करीत नाहीत. तेव्हा भगवंतांनी स्पष्ट केले : ज्याच्याशी बोलण्यात, ज्याला समजाविण्यात आता अर्थ नाही असे तथागत व सुज्ञ सब्रह्मचारी ठरवितात, त्याचा या धर्मविनयात वध झाला असे समजावे.

एखाद्या माणसाशी बोलणे बंद करणे हा त्याचा वध होय. तथागतांनी तो तीन उपाय संपल्यानंतरचा, अगदी शेवटचा म्हणून सांगितला. कचेरीत मात्र तो पहिल्याच दिवशी होतो. आडनाव वाचून होतो. ना मृदू बोलणे, ना कठोर. चूक केली तरी कोणी रागावत नाही, कारण रागावण्याइतकेही त्याला आपले मानलेले नसते. रागावणारा वरिष्ठ परवडला, असे आम्हांस अनेक उपासकांनी सांगितले आहे.

चूळपंथकाची गोष्ट

शिष्य मंद आहे, हे ठरविण्याची घाई थोर माणसांच्याही हातून होते. धम्मपद-अट्ठकथेत व जातकात आलेली चूळपंथकाची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, परंतु ती सहसा चमत्कारासाठी सांगितली जाते. आम्ही ती दुसऱ्या कारणासाठी सांगतो.

राजगृहातील एका श्रेष्ठीची मुलगी घरच्या दासाबरोबर निघून गेली. त्यांना वाटेत दोन मुले झाली, म्हणून दोघांचेही नाव पंथक. थोरला महापंथक आधी संघात आला, अर्हत झाला, आणि त्याने धाकट्यालाही आणले. त्याला पाठ करण्यास एक गाथा दिली. चार महिने गेले. नवे पद पाठ करू लागला की आधीचे विसरे. महापंथकाने ठरविले की हा या धर्मात निरुपयोगी आहे, आणि त्याला विहारातून जाण्यास सांगितले. त्याच सुमारास जीवकाचे भोजनाचे आमंत्रण आले. भिक्षूंची मोजणी महापंथकाकडे होती. त्याने चूळपंथकाला वगळून बाकी सर्वांसाठी ते स्वीकारले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चूळपंथक निघाला तेव्हा फाटकाशी भगवंत उभे होते. त्यांनी त्याला परत नेले. पुन्हा गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे फडके हाती देऊन, पूर्वेकडे तोंड करून बसण्यास आणि ते हाताने चोळीत राहण्यास सांगितले. फडके मळत गेले, आणि जे इतके स्वच्छ होते ते या शरीराच्या स्पर्शाने असे झाले हे पाहताना त्याला अनित्यता समजली. त्यानंतर भगवंतांनी त्याला भोजनस्थळी बोलावून घेतले, आणि भोजन झाल्यावर अनुमोदन करण्याचे काम त्याच्यावर सोपविले. ज्याला आमंत्रितांच्या यादीतून वगळले होते, त्याने सर्व संघासमोर, थोरल्या भावासमोर, दात्याला धर्म सांगितला.

अट्ठकथाकार त्याच्या मंदपणाचे कारण पूर्वजन्मात शोधतात. ते आपण मानलेच पाहिजे असे नाही. गोष्टीच्या आतच कारण स्पष्ट आहे : महापंथकाला शिकविण्याची एकच रीत येत होती, आणि ती रीत जेथे चालली नाही तेथे त्याने माणूसच निरुपयोगी ठरविला. तो दुष्ट नव्हता, अर्हत होता. विद्वत्ता व शीलही असून शिकविण्याचे अंग नसू शकते, हे या गोष्टीत दिसते. भगवंतांनी केलेल्या दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. एक, पाठांतर बाजूला ठेवून हाताला काम दिले. दुसरी, आत आल्याबरोबर जबाबदारी दिली, आणि तीही चारचौघांत.

आमच्याच हातून हा महापंथकाचा दोष घडलेला आहे, हे येथे सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात एक गृहस्थ येत. दिवसभर अंगमेहनतीचे काम करून येत. विभक्तीची रूपे त्यांच्या ध्यानी राहत नसत. वर्षाअखेरीस आम्ही त्यांना, आपण वंदनेपुरते शिकावे, व्याकरणाच्या वाटेस जाऊ नये, असा सल्ला दिला. त्यांनी तो निमूटपणे ऐकला आणि वर्ग सोडला. पुढे ते आम्हांस कार्ले येथील लेण्यांत भेटले. भिंतीवरील ब्राह्मी दानलेख बोटाने लावीत ते आपल्या नातवाला सांगत होते की, या शब्दाच्या शेवटी 'स' आहे म्हणजे 'अमक्याचे' दान. षष्ठी विभक्ती त्यांना आली होती. फक्त आमच्या तक्त्यातून आली नव्हती.

शिकविणारा कोण असावा

नुसत्या ज्येष्ठतेवर विनयाचा विश्वास नाही. वंगन्तपुत्र उपसेन हे स्वतःला एकच वर्ष झाले असता शिष्य करून मोकळे झाले. भगवंतांनी त्यांना दोष दिला : ज्याला अजून दुसऱ्याकडून शिकावयाचे आहे, तो दुसऱ्याला काय शिकविणार? मग दहा वर्षांची अट आली. ती येताच दहा वर्षे झालेले पण काही न येणारे भिक्षू शिष्य करू लागले. उपज्झाय अडाणी आणि शिष्य शहाणा, असे दिसू लागले. तेव्हा दहा वर्षे आणि योग्यता, अशा दोन्ही अटी घातल्या गेल्या. सेवाज्येष्ठतेच्या यादीवर बढती देणाऱ्यांनी हा क्रम वाचण्यासारखा आहे. आणि ज्येष्ठता डावलून मर्जीवर बढती देणाऱ्यांनीही.

उपज्झाय निघून गेला, मरण पावला, चीवर सोडून गेला, तर शिष्य उघडा पडू नये म्हणून आचार्याची व्यवस्था केली. आणि हे अवलंबून राहणे, ज्याला निस्सय म्हणतात, ते कायमचे नाही. योग्य व समर्थ भिक्षूने पाच वर्षे निस्सयाने राहावे, असमर्थाने आयुष्यभर. कसोटीही व्यवहारी आहे : दोष कोणता, दोष नाही तो कोणता, हलका कोणता, भारी कोणता, हे त्याला कळते काय? पातिमोक्ख सविस्तर येते काय? येत असेल तर त्याला सोडावे. ज्याच्या हाताखालून पाच वर्षांत कोणीच सुटत नाही, त्या वरिष्ठाने या कसोटीवर आधी स्वतःला तपासून पाहावे.

शिष्याला दूर करण्याचीही तरतूद आहे. प्रेम, श्रद्धा, लज्जा, आदर व भावना यांपैकी काहीच ज्याच्या ठायी उपज्झायाविषयी नाही, त्याला दूर करावे. परंतु नीट वागणाऱ्याला दूर केले तर उपज्झायाला दोष लागतो, आणि दूर करण्यायोग्य असलेल्याला न केले तरीही लागतो. दूर केलेल्याने क्षमा मागावी, आणि क्षमा मागितली असता ती न करणे हाही दोष होय.

दोष दाखविताना काय पाळावे तेही सांगितलेले आहे : योग्य वेळी, खरे तेच, मृदू शब्दांत, हिताचे, आणि मैत्रचित्ताने बोलावे. शिवाय ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तो समोर हजर असला पाहिजे. सम्मुखाविनय म्हणतात तो हाच. गैरहजर भिक्षूवर कारवाई करण्यास चुल्लवग्गात मनाई आहे. आपल्या देशात सरकारी कर्मचाऱ्याचा वार्षिक अहवाल दीर्घकाळ 'गोपनीय' होता. प्रतिकूल शेरा तेवढा कळविण्याची रीत होती, आणि बढती रोखण्यास पुरेसा ठरणारा मध्यम शेरा मात्र कळविला जात नसे. २००८ साली देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, संबंधित कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे. २००९ पासून केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल दाखविण्याचा आदेश काढला. आपल्या कितीतरी बांधवांची बढती ज्या न पाहिलेल्या कागदांवर अडली, त्या कागदांना विनयाच्या दृष्टीने कधीच मान्यता मिळाली नसती.

आमच्या त्या उपासकांनी हे सर्व ऐकल्यावर विचारले की, मग वरिष्ठाचा अहवाल कोण लिहितो? विनयात त्याचेही उत्तर आहे. वर्षावास संपला की पवारणा होते. प्रत्येक भिक्षू उकिडवा बसून, हात जोडून संघाला विनंती करतो की, माझ्या ठायी काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल वा त्याची शंका आली असेल, तर अनुकंपेने सांगावे. आरंभ सर्वांत ज्येष्ठ थेरापासून होतो. नवखा सर्वांत शेवटी. संयुत्तनिकायात अशा एका पवारणेचे वर्णन आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात पौर्णिमेची रात्र, भोवती पाचशे भिक्षू बसलेले. सर्वत्र शांतता झाल्यावर भगवंत स्वतः भिक्षूंना म्हणतात की, माझ्या कायेत वा वाणीत तुम्हांला काही निंदनीय दिसते काय, ते सांगा. तेव्हा सारिपुत्त आसनावरून उठतात, चीवर एका खांद्यावर घेतात, आणि प्रथम उत्तर देऊन मग तोच प्रश्न स्वतःविषयी विचारतात.